हौस एका दिवसाची, घोडा सात दिवसांचा

जुनी माणसे एक कोडे घालीत. भाकरी का करपली? पान का सडले? घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एकच : फिरवले नाही म्हणून! तव्यावरची भाकरी, टोपलीतले विड्याचे पान आणि तबेल्यातला घोडा, तिघांनाही फिरवावे लागते. भाकरीचे आणि पानाचे आपल्याला ठाऊक आहे. आज घोड्याचे पाहू.

गरज गेली, हौस राहिली

एके काळी टांगा ही गरज होती. दूरच्या गावाला जायचे तर बैलगाडी, नाहीतर घोड्याचा टांगा. १९४८ साली एस.टी. सुरू झाली. पुढे रिक्षा आल्या. पेण काय नि रोहा काय, आता स्टँडवर उतरलेला माणूस टांगा शोधत नाही. अलिबाग-मुरूडकडे समुद्रकिनाऱ्यावर पाहुण्यांना फिरवणाऱ्या घोडागाड्या तेवढ्या दिसतात.

पण घोड्याची आवड काही जात नाही. एखाद्याच्या मनात येतेच, "आपणही एक टांगा घेऊ. रविवारी पोरांना घेऊन फिरू. भाडं नको, शर्यत नको, नुसती मजा!" यात वाईट काही नाही. विलायतेत अशा हौशी लोकांची मंडळे आहेत. १८७१ साली तिथे चार घोड्यांची गाडी हाकणाऱ्यांचे एक मंडळ निघाले. १९५७ साली आणखी एक मोठी संस्था निघाली. त्यांचे सभासद वर्गणी भरतात, मिळून गाड्या काढतात, जाणते लोक नव्यांना शिकवतात. तिकडे गाडी हाकण्याच्या परीक्षाही होतात. शंकू मांडून त्यांच्या डोक्यावर चेंडू ठेवतात. त्यांमधून गाडी न्यायची, पण चेंडू पाडायचा नाही. म्हणजे हात किती हलका आहे ते बघायचे.

आपल्याकडेही असे मंडळ काढता येईल. पण आधी हिशेब करू.

घोडा रोज खातो

गाडी रविवारी निघणार. पण घोडा सोमवारीही खातो, मंगळवारीही खातो. तीनशे किलो वजनाच्या घोड्याला रोज सुमारे सहा किलो सुका चारा लागतो. पाणी वीस-तीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आपल्याकडे भाताचा पेंढा ढिगाने असतो, पण नुसत्या पेंढ्यावर घोड्याचे भागत नाही. चांगले वाळलेले गवत हवे. चारा एकाएकी बदलला, बुरशी लागलेला घातला, तर पोटशूळ उठतो. घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेलेले बाहेर येत नाही. म्हणून पोटशुळाने घोडा मरूसुद्धा शकतो.

शिवाय रोज खरारा करायचा, खुरातली घाण काढायची. सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर तासायचे आणि पुन्हा नाल ठोकायची. पावसाळ्यात तबेल्याची जमीन ओली राहिली की खूर कुजतो. नालेच्या जखमेतून धनुर्वात होतो, त्याची लस टोचून घ्यायची. नालेसाठी घोडा घेऊ नये असे म्हणतात. तसाच तो नुसत्या रविवारसाठीही घेऊ नये.

रविवारचा घोडा का अडतो?

आता मूळ कोड्याकडे येऊ. सहा दिवस घोडा बांधून ठेवला. "बिचारा उभाच आहे, खाऊ दे," म्हणून रोज भरपूर हरभरा घातला. सातव्या दिवशी एकदम जुंपला आणि दौडवला. थोडे अंतर जातो न जातो, तोच त्याला दरदरून घाम फुटतो. मागचे पुठ्ठे लाकडासारखे कडक होतात. पाय उचलत नाही. लघवी तांबडी-काळी होते.

मालकाला वाटते, घोडा अडला. तो चाबूक उगारतो. पण घोडा हट्टी नसतो, आजारी असतो! विलायतेत याला 'सोमवारचा आजार' म्हणत. तिथले कामाचे घोडे रविवारी सुट्टीला पोटभर खात, आणि सोमवारी कामाला जुंपले की पडत. आपल्या हौशी माणसाच्या घरी तो रविवारचा आजार होईल, एवढाच फरक.

असे झाले तर गाडी तिथेच सोडावी. घोड्याला एक पाऊलही चालवू नये. पाणी दाखवावे, सावली करावी आणि पशुवैद्यांना बोलवावे. आजार टाळायचा तर दोन गोष्टी कराव्या. घोडा रोज थोडा फिरवावा. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी हरभरा कमी करावा.

सात माणसे, सात दिवस

रोज कोण फिरवणार? एकट्याला शेती असते, नोकरी असते. म्हणूनच मंडळ हवे. संस्था नोंदवायची तर १८६० च्या कायद्याप्रमाणे निदान सात माणसे लागतात. आठवड्याचे दिवसही सातच! एकेकाने एकेक वार घ्यावा. आपल्या वारी चारा घालणे, खूर बघणे आणि घोडा फिरवणे हे त्याचे काम. पेणकरांनी पेणला, रोहेकरांनी रोह्याला आपापला घोडा सांभाळावा. मुंबई-गोवा महामार्गावर ट्रकांच्या गर्दीत गाडी घालू नये. भात कापणीनंतरची मातीची वाट, नदीकाठ, मोकळे मैदान बरे. डांबरावर दौडवले की पायांना हिसके बसतात, नालही घसरते.

तबेल्यात एक वही टांगावी. आज किती चारा घातला, किती फिरवला, नाल कधी ठोकली, पैसे किती खर्चले, हे त्याच दिवशी लिहावे. आपण अक्षरे शिकलो ती अशा कामी येतात. "मला वाटलं तू घातलंस, तुला वाटलं मी घातलं," असे म्हणता-म्हणता जनावर उपाशी राहते. वही असली की तसे होत नाही.

जुंपताना आणि हाकताना

घोडा ओढतो तो छातीच्या बळावर. पट्टा मानेवर चढला तर श्वास कोंडतो. टांगा दोन चाकी असतो. सगळी माणसे पुढे बसली तर भार घोड्याच्या पाठीवर येतो. सगळी मागे बसली तर दांड्या वर उचलतात आणि पोटाखालचा पट्टा काचतो. म्हणून माणसे तोलून बसवावीत. घोड्याचे डोळे बाजूंना असतात. मागचे फिरते चाक दिसून तो बुजतो, म्हणून झापडे लावतात. पहिली दहा मिनिटे आणि शेवटची दहा मिनिटे घोडा चालीनेच न्यावा.

कायदा काय म्हणतो?

जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. त्यांप्रमाणे गाडीवाला आणि सहा वर्षांखालची मुले सोडून चारच माणसे बसवता येतात. सलग पाच तासांच्या वर आणि दिवसात नऊ तासांच्या वर जनावर जुंपता येत नाही. ३७ अंशांच्या वर ऊन तापते तिथे दुपारी १२ ते ३ गाडी काढता येत नाही.

मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्यांचे उदाहरण ध्यानात ठेवू. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या बंद करायला सांगितले. नुसत्या मौजेसाठी घोड्याला हाल सोसायला लावू नये, असा त्या निकालाचा रोख होता. बैलगाडा शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली मान्यता दिली, पण ती मान्यता बैलांच्या शर्यतीची आहे. तिचा आधार घेऊन घोडे पळवू नयेत. मंडळ काढण्याआधी सरकारी पशुवैद्य आणि पोलीस ठाणे, दोघांनाही विचारून घ्यावे.

सातवा माणूस मिळेना, तर घोडा घेऊ नये. मिळाला, तर आधी वही आणावी, मग गवत भरावे, आणि घोडा सगळ्यांत शेवटी आणावा. मग रविवारी गाडी निघेल तेव्हा घोडा अडणार नाही, कारण सहा दिवस त्याला कुणीतरी फिरवलेले असेल.