चंद्रकोरीचं दार

"मावशी, आज आवाज करू नकोस हं. आज कॉलनीची तपासणी आहे!"

माझा दहा वर्षांचा भाचा मला हाताला धरून मागच्या दारी घेऊन चालला होता. माझी मावसबहीण अमेरिकेत, टेक्सास राज्यात राहते. एका एप्रिलमध्ये मी तिच्याकडे गेले होते. कॉलनी म्हटल्यावर मला आपली हाउसिंग कॉलनीच आठवली. तपासणी म्हणजे पाणीपट्टी-बिणीपट्टीची असेल! पण कुंपणापलीकडे पाहिलं, तर शेजारच्या आजोबांच्या अंगणात एका उंच खांबावर पांढरंशुभ्र घर होतं. बारा खोल्या, प्रत्येक खोलीला गोल दार आणि दारापुढे छोटासा ओटा. आजोबा हँडल फिरवत होते आणि ते अख्खं घर विहिरीतल्या पोहऱ्यासारखं दोरावरून हळूहळू खाली येत होतं. वर आकाशात दहा-पंधरा पक्षी गिरक्या घेत कलकलाट करत होते.

हे पक्षी म्हणजे पर्पल मार्टिन. पर्पल म्हणजे जांभळा, पण नावावर जाऊ नका. नराचा रंग काळा, आणि ऊन पडलं की त्यावर गडद निळी-जांभळी झाक मारते. मादी पोटाकडे करडी. आपल्याकडे विजेच्या तारेवर ओळीने बसणारी भिंगरी तुम्ही पाहिलीच असेल. मार्टिन तिच्याच कुळातला, उत्तर अमेरिकेतल्या भिंगऱ्यांमधला सगळ्यांत मोठा. लांबी साधारण २० सेंटिमीटर, वजन मात्र जेमतेम ५०-५५ ग्रॅम. हिवाळा काढायला हे पक्षी थेट दक्षिण अमेरिकेत, ब्राझीलपर्यंत जातात आणि हजारो किलोमीटर उडून पुन्हा त्याच अंगणात, त्याच घराशी येतात. टेक्सासमध्ये जानेवारी-फेब्रुवारीतच पहिले पाहुणे हजर होतात. कॅनडात पोचायला त्यांना एप्रिल-मे उजाडतो.

आता गंमत ऐका. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचे मार्टिन आज जवळजवळ सगळेच्या सगळे माणसाने बांधून दिलेल्या घरांतच राहतात! पूर्वी ते सुतारपक्ष्यांनी वठलेल्या झाडांत पोखरलेल्या ढोल्यांत राहत. मग चॉक्टॉ, चिकासॉ अशा तिथल्या मूळ रहिवासी जमातींनी सुकवलेले पोकळ भोपळे खांबांवर टांगायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांडर विल्सन या पक्षीतज्ज्ञाने ते लिहून ठेवलं आहे. भोपळा कुठला, तर आपल्या दुध्याच्याच जातीचा. आपल्याकडे त्याचा तंबोरा झाला, तिकडे पक्ष्याचं घर! मग गोऱ्या लोकांनीही लाकडी घरं उभारली. पिढ्यान्‌पिढ्या असं चालत आलं आणि मार्टिन झाडावरची ढोली जणू विसरूनच गेले. त्यामुळे माणसाने घर दिलं नाही, किंवा दिलेलं घर सांभाळलं नाही, तर त्यांना दुसरा आसराच उरला नाही. घर सांभाळणाऱ्यांना तिकडे 'घरमालक' म्हणतात. भाडं मात्र एक पैसा मिळत नाही. मार्टिन डास खाऊन भाडं चुकवतात असं पुष्कळ जण सांगतात, पण ते काही खरं नाही. मार्टिन दिवसाउजेडी आणि खूप उंचावर शिकार करतात. चतुर, भुंगेरे, पंखवाल्या मुंग्या हा त्यांचा आहार. डास त्यांच्या वाट्याला फारच थोडे येतात.

तर, घर खाली आलं. आजोबांनी वही उघडली. दर पाच-सात दिवसांनी ते प्रत्येक खोलीचा दरवाजा उघडून आत काय आहे ते लिहितात. कायद्याप्रमाणे मार्टिनच्या अंड्या-पिलांना इजा करणं गुन्हा आहे (त्यासाठी तिकडे १९१८ सालापासून कायदा आहे), पण अशी तपासणी केल्याने पक्षी घर सोडत नाहीत. खोली नंबर एक, तीन अंडी. नंबर दोन, पाच अंडी, खाली हिरव्या पानांचं अंथरूण. भाचा मोठ्याने वाचत होता आणि आजोबा टिपून घेत होते. सात नंबरला दोघेही गप्प झाले.

मागच्या आठवड्यात तिथे चार पांढरी अंडी होती. आता खोली जाड वाळक्या गवताने गच्च भरली होती आणि त्यात एकच फिकट निळं अंडं होतं. आजोबांनी खांबाच्या बुडाशी गवतात बोट दाखवलं. पांढऱ्या टरफलांचे तुकडे पडले होते. प्रत्येकाला चोचीने पाडलेलं भोक.

"स्टारलिंग," भाचा म्हणाला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

स्टारलिंग दिसायला काही वाईट नाही हो. काळा चमकदार, अंगावर ठिपके, पिवळी चोच, आणि नकला करण्यात भलता पटाईत. मोझार्ट या थोर संगीतकाराने १७८४ साली एक स्टारलिंग विकत घेऊन पाळला होता. पण हा पक्षी मूळचा अमेरिकेचा नव्हेच! १८९० च्या मार्च महिन्यात युजीन शीफेलिन नावाच्या गृहस्थाने युरोपातून आणलेले ६० स्टारलिंग न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडले, पुढच्या वर्षी आणखी ४०. शेक्सपिअरच्या नाटकांतले सगळे पक्षी अमेरिकेत आणायची त्याला हौस होती, अशी गोष्ट सगळीकडे छापली जाते. २०२१ साली दोन अभ्यासकांनी जुने कागद तपासले, तेव्हा ती गोष्ट मागाहून कोणीतरी जोडलेली निघाली. कारण काहीही असो, साठ वर्षांच्या आत स्टारलिंग पार पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचले आणि आज तिथे त्यांची संख्या कोट्यवधी आहे. आयत्या ढोलीत घर करायचं, आत कोणी असेल तर त्याला हाकलायचं, अंडी फोडायची, पिलं मारायची, ही त्यांची रीत. वजनाने ते मार्टिनच्या दीडपट. मारामारीत मार्टिनचा निभाव लागत नाही.

मला राहवलं नाही. मी आजोबांना विचारलं, "मग या स्टारलिंगचं तुम्ही काय करता?"

त्यांनी खरं ते सांगितलं. स्टारलिंगला तिकडे कायद्याचं संरक्षण नाही. घरटं काढून टाकता येतं. काही घरमालक पिंजरे लावून स्टारलिंग पकडतात आणि मारतात. "मीही काही वर्षं तेच केलं," ते म्हणाले, "पण एक मारला की दुसरा येतो. आणि मला ते आवडत नसे." मग त्यांनी गॅरेजमधून एक पत्र्याची पट्टी आणली. तिला गोल भोकाऐवजी चंद्रकोरीसारखं भोक होतं. खालून सपाट, वरून कमानदार.

ही युक्ती कॅनडातल्या न्यू ब्रन्झविक प्रांतातल्या चार्ल्स मॅक्युअन यांची. उंची फक्त ३० मिलिमीटर, रुंदी सुमारे ७६ मिलिमीटर. कंपासपेटीतली पट्टी घेऊन कागदावर काढून बघा, म्हणजे ते दार केवढंसं असतं ते कळेल. नेहमीच्या गोल दाराचा व्यास ५४ मिलिमीटर. मार्टिनचे पाय अगदी आखूड असतात, त्यामुळे तो पोट टेकून सरपटत आत शिरू शकतो. स्टारलिंगची छाती फुगीर, पाय लांब. त्याचं डोकं आत जातं, पण खांदे अडकतात. माप मात्र काटेकोर हवं. दोन मिलिमीटर जास्त झालं तर स्टारलिंग आत, दोन मिलिमीटर कमी झालं तर मार्टिनच अडकायचा! शिवाय भोकाची खालची कड ओट्याच्या अगदी लगत पाहिजे. जरा वर गेली की मार्टिनला सरपटता येत नाही.

"एवढं सोपं, तर सगळ्याच खोल्यांना का नाही बसवलं?" मी विचारलं.

आजोबा हसले. मार्टिन म्हणे भारी संशयी असतात. नवं दार दिसलं की ते सरळ दुसऱ्या अंगणात निघून जातात. म्हणून जोडीने खोलीत पानं-काड्या आणून संसार मांडला की मगच एक-एक दार बदलायचं, म्हणजे जीव गुंतलेला असतो आणि ते शिकून घेतात. सात नंबरचं दार आजोबा त्याच आठवड्यात बदलणार होते. चार दिवस उशीर झाला. हे सांगताना ते वहीकडेच बघत होते.

निळं अंडं असलेलं घरटं त्यांनी काढलं, पट्टी बसवली आणि घर पुन्हा वर चढवलं. आम्ही खुर्च्या टाकून बसलो. थोड्याच वेळात स्टारलिंगची जोडी आली. नराने डोकं घातलं, ढकललं, पाय खरवडले, मागे आला. पुन्हा घातलं. मी मोजलं, अकरा वेळा. मादी वळचणीला चोचीत गवत धरून बसून होती. खरं सांगू? मला तिचंही वाईट वाटलं. तिच्या खापरपणज्यांना कोणी विचारून का अमेरिकेत आणलं होतं! आणि बघा, ब्रिटनमध्ये, म्हणजे स्टारलिंगच्या स्वतःच्या मुलखात, त्यांची संख्या इतकी घटली आहे की तिथे त्यांचं नाव धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे.

आपण तरी फार ऐटीत बोलायला नको. २००० साली आययूसीएन या जागतिक संस्थेसाठी शंभर उपद्रवी परक्या जीवांची यादी तयार झाली. तिच्यात पक्षी फक्त तीन. एक स्टारलिंग. उरलेले दोन कोण? आपली साळुंकी आणि आपला लालबुड्या बुलबुल! साळुंकी तर स्टारलिंगची भाऊबंदच. माणसांनीच तिला ऑस्ट्रेलियात किडे खायला म्हणून नेली आणि तिथे ती ढोल्या बळकावत सुटली. चिमणीचं उलटंच. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो, आपण गॅलरीत तिच्यासाठी खोकी टांगतो. आणि टेक्सासमध्ये आजोबा तीच चिमणी मार्टिनच्या खोलीत घुसू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसतात. तीही तिकडे युरोपातूनच नेलेली.

मार्टिनची जोडी दोन दिवस ओट्यावर बसून दाराकडे नुसती बघत राहिली. मादी डोकं वाकडं करी, वाकून आत डोकावे, उडून जाई. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पोटावर झोपली, अंग चपटं केलं आणि सर्रकन आत! भाच्याने एवढ्या मोठ्याने आरोळी ठोकली की आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं. अंडी लवकर गमावली तर मार्टिन पुन्हा घालतात. पण हंगामात एकदाच पिलं वाढवायची त्यांची रीत असल्यामुळे वेळ हातात थोडाच असतो. अंडी उबायला पंधरा-सोळा दिवस, पिलं उडायला आणखी चार आठवडे.

मी परत आले. जूनच्या शेवटी एका रात्री फोन वाजला.

"मावशी, सात नंबरमधून चार उडाली! शेवटचं फार घाबरत होतं. त्याची आई चतुर घेऊन समोर तारेवर बसून राहिली. जवळ नेऊन दिलाच नाही. मग उडालं!"

"आणि ते स्टारलिंग रे?"

"ते ना? ते कोपऱ्यावरच्या पेकानच्या झाडावर गेले. तिथे सुतारपक्ष्याची ढोली होती."

"मग सुतारपक्षी?"

पलीकडे जरा वेळ कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "आजोबांना विचारतो."