तमिळ चित्रपटांतील प्रीति आणि तिच्या भूमि

गेल्या सत्रांत एका विद्यार्थ्यानें वर्गांत विचारलें, “तमिळ चित्रपटांत दोघांचें प्रेम जुळलें कीं तीं गाणें म्हणावयास डोंगरावरच कां जातात?” वर्ग हंसला, प्रश्न मात्र हंसण्यासारखा नव्हता.

सुमारें २००० वर्षांपूर्वींच्या तमिळ संघम् काव्यांत प्रीतीच्या प्रत्येक अवस्थेस एक भूमि नेमून दिलेली आहे, आणि त्या भूमीस एखाद्या झाडाचें अथवा फुलाचें नांव आहे. डोंगर म्हणजे ‘कुरिंजी’, तेथें मीलन. नीलगिरीवर १२ वर्षांतून एकदां फुलणारें निळें फूल तें हेंच. रान म्हणजे ‘मुल्लै’, तेथें धीरानें वाट पाहणें. शेतमळ्यांत रुसवाफुगवा, समुद्रतीरीं विरहाची तळमळ, आणि रखरखीत ओसाड प्रदेशांत ताटातूट अथवा पित्याचें घर सोडून केलेलें प्रयाण. कवीनें नुसता डोंगर वर्णिला कीं जाणत्या श्रोत्यास पुढचें कळे. हालाच्या ‘गाथासप्तशती’ या ग्रंथांतील महाराष्ट्री प्राकृत गाथांशीं या काव्याचें जवळचें नातें आहे, असें जॉर्ज हार्ट या पंडितानें दाखविलें आहे; तेव्हां हा विषय आपणांस अगदींच परका नव्हे.

आजचे दिग्दर्शक हे जुने संकेत पुढ्यांत ठेवूनच चित्रपट काढतात, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु भूमीकडून मनाची गोष्ट सांगविण्याची संवय तेथें मुरलेली दिसते. पूर्वीं बहुतेक तमिळ चित्रपट स्टुडिओच्या भिंतींआड तयार होत. १९७७ सालीं भारतीराजा यांनीं ‘पदिनारु वयदिनिले’ काढून कॅमेरा खेड्यांत नेला. त्याच्या शेवटीं मयिल ही नायिका रेल्वे स्थानकावर, तुरुंगांत गेलेल्या चप्पाणीची वाट पाहत राहते. रानाच्या जागीं रूळ आले, वाट पाहणें तेंच.

बालू महेंद्र यांचा ‘मून्रम् पिरै’ (१९८२) आपल्याकडे ‘सदमा’ (१९८३) या हिंदी रूपानें पुष्कळांस ठाऊक आहे. नांवाचा अर्थ तृतीयेची चंद्रकोर. ती सायंकाळीं थोडा वेळ दिसते आणि मावळते. नायक शाळामास्तर. स्मृति गमावून लहान मुलासारखी झालेल्या तरुणीस तो नीलगिरींत आणून सांभाळतो. ती बरी होते आणि नेमका तोच काळ विसरते. आगगाडी सुटतांना तो तिच्यासमोर जुन्या माकडचेष्टा करतो. ती त्यास ओळखीत नाहीं. डोंगर मीलनाचा खरा, पण येथें त्याच डोंगरांतून गाडी तिला घेऊन जाते.

मणिरत्नम् यांच्या ‘बॉम्बे’ (१९९५) चित्रपटांत केरळांतील बेकल किल्ल्याजवळ, समुद्राकांठीं, हिंदु नायकाकडे धांवत येणाऱ्या मुसलमान नायिकेचा बुरखा जहाजाच्या जुन्या नांगराला अडकतो. तो तेथेंच टाकून ती पुढें येते. शब्दावांचून घर सुटल्याचें कळतें. तिचेंच वस्त्र कां गळावें, त्याचें कांहींच कां नाहीं, हा प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाहीं.

पालकांचा आक्षेप निराळा असतो, आणि तो रास्त आहे. कित्येक चित्रपटांत नायक ‘नको’ म्हणणाऱ्या मुलीचा कॉलेजच्या फाटकापासून घरापर्यंत पाठलाग करतो, आणि पुढच्या गाण्यांत तीच मुलगी त्याच्यासह डोंगरावर आनंदानें नाचते. मुलें हें पाहतात व खरें मानतात. ‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन व्याकरणग्रंथांत अशा एकतर्फी प्रीतीस ‘कैक्किळै’ म्हटलें असून तिला वरील पांचांच्या बाहेर ठेविलें आहे; तिला स्वतःची भूमि नाहीं.

हें सांगितलें तेव्हां वर्गांत कोणी हंसलें नाहीं. मुलींच्या बांकांवरून मात्र अशा चार चित्रपटांचीं नांवें लगेच आलीं.