ईव्हीचा चार्जिंग प्लग का वितळतो? पार्किंगमधल्या सॉकेटपासून गाडी आणि माणसं कशी सांभाळायची

चाकणला महिंद्राच्या इलेक्ट्रिक गाड्या बनतात, आकुर्डीला बजाजची चेतक बनते. पण या गाड्या रात्री ज्या सॉकेटला लागतात, तो बऱ्याचदा पार्किंगमध्ये ड्रिल मशीन किंवा प्रेशर वॉशर तासभर चालवण्यापुरता बसवलेला असतो. त्याच्याकडून आपण सलग आठ-दहा तासांचं काम करून घेतो. पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांत आणि चाकण-भोसरीच्या भाड्याच्या खोल्यांत मला काळा पडलेला प्लग अनेकदा दाखवला जातो, आणि प्रश्न ठरलेला असतो: "चार्जर खराब निघाला का?" बहुतेक वेळा दोष चार्जरचा नसतो, भिंतीतल्या जोडणीचा असतो.

एमसीबी पडला नाही, मग प्लग कसा वितळला?

कारसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर साधारण 3.3 किलोवॅटपर्यंत वीज घेतो. 230 व्होल्टला हा करंट सुमारे 14 अँपिअर होतो. स्कूटरचा चार्जर बराच कमी घेतो, साधारण 4 अँपिअरच्या आसपास. म्हणून वितळण्याच्या तक्रारी जास्त करून कारच्या असतात.

सॉकेट 16 अँपिअरचा आहे, म्हणजे 14 चालायला हवेत. चालतातही, पण सॉकेटची पितळी पकड घट्ट असेल तरच. पकड सैल झाली की तिथे थोडा रेझिस्टन्स तयार होतो. समजा तो फक्त 0.1 ओहम आहे. 14 अँपिअरला तिथे जवळपास 20 वॅट उष्णता तयार होते. साधी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते. म्हणजे प्लगच्या पिनेपाशी आपण रात्रभर जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवतो! उष्णतेने पकड आणखी सैल होते, कार्बन धरतो, रेझिस्टन्स वाढतो आणि उष्णताही वाढते.

एमसीबी यात गप्प बसतो, कारण त्याला फक्त करंट कळतो आणि करंट तर 14 च आहे. प्लग किती तापलाय हे त्याला कळायचं काही साधन नाही.

"अर्थ फॉल्ट"चा दिवा आणि जीवघेणा जुगाड

या लेखातलं एकच वाचणार असाल तर हे वाचा. चांगला चार्जर सुरू होण्याआधी अर्थिंग तपासतो. नसेल तर लाल दिवा लावतो आणि चार्जिंग नाकारतो. मग कोणीतरी "जाणकार" येतो, सॉकेट उघडतो आणि अर्थच्या पिनेला न्यूट्रलला जोडून देतो. दिवा हिरवा होतो, सगळे खूश!

आता समजा मीटरपाशी न्यूट्रलची वायर सुटली. फेजची वीज घरातल्या बल्ब-पंख्यातून सुटलेल्या न्यूट्रलवर येते, तिथून त्या तुकड्यातून अर्थच्या पिनेत आणि तिथून गाडीच्या बॉडीत. ओल्या फरशीवर उभं राहून कोणी दाराला हात लावला तर करंट त्याच्या अंगातून जमिनीत जाणार. गाडीजवळ खेळणाऱ्या लेकरालाही तोच धोका.

लाल दिवा म्हणजे चार्जरची कटकट नाही, त्याने दिलेला इशारा आहे. उपाय एकच: खरं अर्थिंग. जुन्या बैठ्या खोल्यांत दोनच वायरी आलेल्या असतात. तिथे घरमालकाला सांगून परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा करून घ्या. तोवर चार्जिंग दुसरीकडे करा.

न्यूट्रल सैल झाला की काय होतं?

इमारतीला थ्री-फेज जोडणी असते आणि फ्लॅट तीन फेजवर वाटलेले असतात. सगळ्यांचा मुख्य न्यूट्रल एकच. तो सुटला की 230 व्होल्टची हमी संपते. ज्या फेजवर भार कमी तिथे व्होल्टेज 300 च्याही वर जाऊ शकतं, जिथे भार जास्त तिथे खाली बसतं. लक्षण सोपं आहे: एका घरात दिवे अचानक लख्ख, दुसऱ्यात मंद. असं दिसलं की आधी मेन स्विच बंद करा, मग 1912 वर तक्रार करा.

एक्स्टेंशन: लांबी महागात पडते

सॉकेट खांबावर आणि गाडी तीस मीटरवर, हे दृश्य नेहमीचं. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने 30 मीटर गेलात तर जाऊन-येऊन 60 मीटर होतात. 14 अँपिअरला साधारण 10 व्होल्ट वायरीतच खर्ची पडतात आणि 140 वॅटच्या आसपास उष्णता होते. वायर मोकळी पसरलेली असेल तर ती निघून जाते. गुंडाळी तशीच ठेवली तर आतल्या वेढ्यांचं इन्सुलेशन वितळतं. 4 चौरस मिलिमीटरच्या वायरीत हाच ऱ्हास साधारण 4 व्होल्टवर येतो. माझा सल्ला: एक्स्टेंशन वापरूच नका, सॉकेट गाडीजवळ आणा.

नवीन जागी प्लग लावण्यापूर्वी मी काय तपासतो

1. सॉकेटवर आयएसआय चिन्ह आणि 16 अँपिअर लिहिलेलं आहे का. काळा डाग, जळका वास किंवा प्लग घालताना ढिलेपणा असेल तर तिथे लावत नाही.
2. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल 207 ते 253 व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थ जवळपास तेवढंच हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत बरं; पाचच्या वर गेलं की मला शंका येते.
3. चार्जिंग सुरू झाल्यावर व्होल्टेज पुन्हा पाहतो. 10-12 व्होल्टपेक्षा जास्त पडलं तर वायर बारीक आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे.
4. अर्ध्या तासाने चार्जिंग थांबवतो, स्विच बंद करतो आणि प्लगला हात लावतो. कोमट चालेल. पाच सेकंद बोट ठेववत नसेल तर तो सॉकेट बाद.

मल्टिमीटरची सवय नसेल तर दुसरी आणि तिसरी पायरी वायरमनकडून करून घ्या.

कोणतं उपकरण कशापासून वाचवतं?

- एमसीबी: ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट.
- 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी: गळती करंट, म्हणजे माणसाला बसणारा शॉक.
- एसपीडी: वीज कडाडल्यावर येणारा क्षणिक झटका. मिनिटभर टिकलेलं 300 व्होल्ट याच्या आवाक्याबाहेर.
- ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ: सुटलेल्या न्यूट्रलवरचा उपाय. वेळ लावायची सोय असलेला घ्या. गुरुवारी देखभालीसाठी गेलेली वीज परत येताना व्होल्टेज आधी स्थिरावतं, मग गाडीला जोडणी मिळते.

सैल सॉकेटपासून मात्र यातलं एकही वाचवत नाही. त्यासाठी चांगला सॉकेट, घट्ट आवळलेले स्क्रू आणि आपला हात. दुकानात मिळणारा "स्पाइक गार्ड" बोर्ड बहुधा 6 अँपिअरचा असतो, तो कारच्या चार्जरला लावूच नका.

कॅम्पर व्हॅनवाल्यांसाठी

राज्याने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरवर घडवलेल्या व्हॅनही आता रस्त्यावर दिसतात. मुक्कामी बाहेरची वीज घेताना नियम हेच, फक्त सॉकेट रोज नवा. युरोपात यासाठी निळा गोल इंडस्ट्रियल प्लग वापरतात. चाकणच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये तो पाहिला असेल. पिना जाड आणि पकड घट्ट. व्हॅनला तोच बसवा आणि आत प्रवेशालाच आरसीसीबी व कटऑफ लावा. ईव्हीच्या चार्जरचा मूळ प्लग मात्र कापू नका, वॉरंटी जाऊ शकते.

सोसायटीला काय सांगाल?

अर्जात "चार्जिंगची सोय करा" एवढंच लिहू नका. असं लिहा: पार्किंगच्या मीटरपासून स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी, तपासलेलं अर्थिंग आणि पावसाचं पाणी शिरणार नाही अशा पेटीत 16 अँपिअरचा सॉकेट. आणि दर सहा महिन्यांनी, एकदा तरी पावसाळ्याआधी, वीज बंद करून वायरमनने स्क्रू आवळायचे, हेही त्यातच लिहा.