लेणी, रामलिंग आणि जमलं तर तेर

लेणी आणि जंगल एकाच कुंपणात हवं असेल, तर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान गाठावं. कान्हेरी लेणी तिथेच आहेत. धाराशिव जिल्ह्यात मात्र राष्ट्रीय उद्यान नाही. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य आहे, 1997 साली जाहीर झालेलं, जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं. धाराशिवची लेणी तिथून वेगळ्या बाजूला, शहराजवळ. दोन्ही बालाघाटच्याच डोंगरात असल्याने एका दिवसात होतात, पण क्रम नीट लावावा लागतो.

कधी जावं

हा पर्जन्यछायेचा मुलूख. झाडं पानझडी, त्यामुळे मार्चनंतर डोंगर उघडाबोडका दिसतो. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा काळ चांगला. श्रावणी सोमवार मात्र टाळा. त्या दिवशी अभयारण्यातल्या रामलिंगाच्या देवळात दर्शनाची रांग असते. जंगल बघायचं राहून जातं.

कसं जावं

सोलापूर-धुळे महामार्गावर तुळजापूर, धाराशिव आणि येडशी ओळीने लागतात. रेल्वेने येणाऱ्यांसाठी कुर्डुवाडी-लातूर मार्गावर धाराशिव आणि येडशी ही दोन्ही स्टेशनं आहेत. तरीही स्वतःची गाडी किंवा दिवसभरासाठी ठरवलेली रिक्षा हवीच, कारण लेण्यांकडून परतताना वाहन मिळेलच असं नाही.

आधी लेणी

शहरापासून लेणी आठेक किलोमीटरवर. सकाळी लवकर जावं, टॉर्च न्यावा. दुसरं लेणं सर्वांत मोठं: मधला मंडप सुमारे 80 फूट लांब, तितकाच रुंद, भोवती भिक्षूंच्या खोल्या. आखणी अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांची आठवण करून देते. ही लेणी मुळात बौद्ध आणि नंतर जैनांकडे आली, की काही पहिल्यापासूनच जैन, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. जेम्स बर्जेसने एकोणिसाव्या शतकात यांची पाहणी केली, तेव्हापासून हा वाद चालू आहे.

मला वादापेक्षा कथा आवडते. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात करकंड राजा तेरापूरजवळ मुक्काम करतो. तिथे एक हत्ती रोज सोंडेत पाणी आणि कमळ आणून एका वारुळाची पूजा करत असतो. राजा वारूळ खणतो, तर आत पार्श्वनाथांची मूर्ती! पुढे जवळच्या गुंफेतल्या मूर्तीच्या आसनावरची गाठ फोडताच पाण्याचा लोंढा उसळतो. तेरापूर म्हणजे आजचं तेर, आणि ती गुंफा म्हणजे धाराशिवचं लेणं, असं अभ्यासक मानतात. ही कथा वाचून गेलात, तर अंधाऱ्या गाभाऱ्यात पाय जास्त वेळ रेंगाळतात.

मग रामलिंग

लेण्यांकडून शहरात येऊन येडशीकडे वीसेक किलोमीटर. रामलिंगाचं देऊळ दरीत, झाडीत आहे. रावणाशी लढून जटायू इथेच पडला आणि त्याची तहान भागवायला रामाने बाण मारून पाणी काढलं, अशी श्रद्धा आहे. देवळामागचा धबधबा फक्त पावसाळ्यात.

माकडं भरपूर. हातातली प्रसादाची पिशवी ती सहज पळवतात. पिशवी बॅगेत ठेवा, आणि त्यांना खायला तर अजिबात घालू नका. मोर आणि रानडुकरं दिसायची तर पहाट किंवा संध्याकाळ हवी. एका दिवसाच्या सहलीत केकारव ऐकू आला तरी पुष्कळ.

वाघाचं काय?

डिसेंबर 2024 मध्ये इथल्या ट्रॅप कॅमेऱ्यात चक्क वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरहून साडेचारशेच्या आसपास किलोमीटर चालून तो इथे पोहोचला होता. वन विभागाने त्याला पकडायचे प्रयत्नही केले. पण वाघ दिसेल म्हणून येऊ नका. ताडोबासारखी सफारी इथे नाही. एकट्याने आडवाटेला शिरू नका, आणि जाण्याआधी वन विभागाकडे चौकशी करा.

वेळ उरला तर

तेर. म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारं गाव. संत गोरोबाकाकांचंही हेच. इथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या वस्तू आहेत. विटांचं त्रिविक्रम मंदिरही गावातच. संग्रहालय सरकारी, वेळाही सरकारी. तेर करायचं असेल तर रामलिंगहून दुपारी दोनच्या आत निघा.