आभासी यंत्रांचे नेटवर्किंग

आभासी यंत्रांचे नेटवर्किंग म्हणजे एकाच प्रत्यक्ष संगणकावर चालणाऱ्या आभासी यंत्रांना त्या संगणकाशी, एकमेकांशी आणि बाहेरील नेटवर्कशी जोडण्याची पद्धत होय. ज्या संगणकावर आभासी यंत्र चालते त्यास *यजमान संगणक* आणि आभासी यंत्रात चालणाऱ्या संचालन प्रणालीस *अतिथी प्रणाली* असे म्हणतात. यजमान आणि अतिथी एकाच संगणकाची स्मृती व प्रोसेसर वापरत असले, तरी नेटवर्कच्या दृष्टीने ते दोन स्वतंत्र संगणक असतात. त्यामुळे त्यांच्यातील संपर्क आपोआप गृहीत धरता येत नाही. तो मांडावा लागतो.

ही मांडणी करताना मुख्य प्रश्न दिशेचा असतो. अतिथीकडून यजमानाकडे जाता येते म्हणून यजमानाकडून अतिथीकडेही जाता येईलच असे नाही. जोडणीची पद्धत निवडणे म्हणजे कोणी कोणापर्यंत पोहोचावे आणि कोणी पोहोचू नये हे ठरविणे होय. उपयोगिता आणि सुरक्षितता या दोन्ही गोष्टी या निवडीवर अवलंबून असतात.

## पार्श्वभूमी

आभासी यंत्रांची कल्पना १९६० च्या दशकात आयबीएम कंपनीच्या मेनफ्रेम संगणकांवर विकसित झाली. १९७२ मध्ये त्या कंपनीने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. वैयक्तिक संगणकांवर हे तंत्र १९९९ मध्ये आलेल्या व्हीएमवेअर वर्कस्टेशनमुळे रुजले. २००७ मध्ये इनोटेक कंपनीचे व्हर्च्युअलबॉक्स मुक्त स्वरूपात उपलब्ध झाले. सन मायक्रोसिस्टम्समार्फत ते पुढे ओरॅकलकडे आले. २००७ मध्येच केव्हीएम हा घटक लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. विंडोजच्या अनेक आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही उपलब्ध असते.

## घटक

प्रत्येक आभासी यंत्रास एक किंवा अधिक *आभासी नेटवर्क कार्डे* दिली जातात. अतिथी प्रणालीला हे कार्ड खरेच वाटते आणि त्याला स्वतःचा मॅक पत्ता असतो. व्हर्च्युअलबॉक्सने दिलेले मॅक पत्ते ०८-००-२७ या अंकांनी, तर केव्हीएमवरील यंत्रांचे पत्ते सामान्यतः ५२-५४-०० या अंकांनी सुरू होतात. त्यावरून नेटवर्कमधील एखादे यंत्र आभासी आहे हे बहुधा ओळखता येते.

हे कार्ड यजमानावरील *आभासी स्विच*ला जोडलेले असते. प्रत्यक्ष स्विच जसा केबलींमधील संदेश योग्य यंत्राकडे पाठवतो, तसेच काम हा स्विच सॉफ्टवेअरच्या रूपात करतो. काही पद्धतींत यजमानालाही या स्विचशी जोडणारे एक जादा आभासी कार्ड मिळते. यजमानाच्या नेटवर्क यादीत ते खऱ्या कार्डांसोबत दिसते. अतिथींना आयपी पत्ते वाटण्यासाठी बहुधा एक लहान डीएचसीपी सेवाही चालविली जाते.

हे पत्ते सामान्यतः खासगी वापरासाठी राखलेल्या गटांतून घेतले जातात. १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजानुसार १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ असे तीन गट आहेत.

## जोडणीचे प्रकार

### नॅट

नॅट म्हणजे नेटवर्क पत्त्यांचे रूपांतर. या पद्धतीत अतिथीने बाहेर पाठविलेला संदेश यजमानाच्या नावाने जातो आणि आलेले उत्तर पुन्हा अतिथीकडे पोहोचविले जाते. घरातील अनेक उपकरणे एका राउटरमागून इंटरनेट वापरतात, तसेच हे असते. बाहेरील नेटवर्कला अतिथीचे अस्तित्व स्वतंत्रपणे जाणवत नाही. कोणतीही मांडणी न करता इंटरनेट मिळत असल्याने व्हर्च्युअलबॉक्समध्ये हीच मूळ निवड असते.

व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये पहिल्या कार्डावरील अतिथीस १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो आणि १०.०.२.२ हा पत्ता त्याचा गेटवे असतो. प्रत्येक यंत्रासाठी हे नेटवर्क वेगळे असते. त्यामुळे दोन यंत्रांना एकच पत्ता असूनही संघर्ष होत नाही. मात्र ती यंत्रे एकमेकांना पाहू शकत नाहीत. यजमानाकडेही या पत्त्याकडे जाणारा मार्ग नसतो. यजमानावरून १०.०.२.१५ शी संपर्क साधण्याचा प्रयत्न त्यामुळेच निष्फळ ठरतो.

यावर *पोर्ट फॉरवर्डिंग* हा उपाय वापरला जातो. उदाहरणार्थ, यजमानाचे पोर्ट २२२२ अतिथीच्या पोर्ट २२ शी जोडले, तर यजमानाच्या २२२२ वर केलेली जोडणी अतिथीच्या एसएसएच सेवेपर्यंत पोहोचते. लिनक्ससारख्या यजमानांवर १०२४ पेक्षा कमी क्रमांकाची पोर्टे सामान्य वापरकर्त्यास उघडता येत नसल्याने मोठे क्रमांक निवडले जातात.

### सेतू पद्धत

सेतू किंवा ब्रिज्ड पद्धतीत आभासी कार्ड यजमानाच्या प्रत्यक्ष कार्डाद्वारे थेट स्थानिक नेटवर्कला जोडले जाते. अतिथीला राउटरकडून स्वतःचा पत्ता मिळतो आणि कार्यालयातील किंवा घरातील इतर संगणकांना तो शेजारचा आणखी एक संगणक वाटतो. सर्व दिशांनी संपर्क शक्य होतो. अतिथीवर सर्वांसाठी सर्व्हर चालवायचा असल्यास ही पद्धत सोयीची ठरते.

वाय-फायवर मात्र सेतू नेहमी सुरळीत चालत नाही. वायरलेस ॲक्सेस पॉइंट सामान्यतः नोंदणी झालेल्या मॅक पत्त्याचेच संदेश स्वीकारतो आणि अतिथीचा मॅक पत्ता वेगळा असतो. व्हर्च्युअलबॉक्स अशा वेळी जाणाऱ्या संदेशांत यजमानाचा मॅक पत्ता घालते. तरीही हा उपाय प्रत्येक उपकरणावर चालतोच असे नाही.

### केवळ-यजमान पद्धत

या पद्धतीत यजमान आणि त्यावरील अतिथी यांचे एक बंदिस्त नेटवर्क तयार होते. त्यात कोणतेही प्रत्यक्ष कार्ड सहभागी नसते. यजमान व अतिथी दोन्ही दिशांनी बोलू शकतात आणि अतिथीही एकमेकांशी बोलू शकतात. बाहेरून आत किंवा आतून बाहेर मात्र जाता येत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यजमानाचा पत्ता बहुधा १९२.१६८.५६.१ असतो. या सॉफ्टवेअरच्या ६.१.२८ या आवृत्तीपासून लिनक्स आणि मॅक यजमानांवर केवळ १९२.१६८.५६.०/२१ या गटातील, म्हणजे १९२.१६८.६३.२५५ पर्यंतचे पत्ते पूर्वपरवानगीविना वापरता येतात. इतर पत्त्यांसाठी मांडणीच्या धारिकेत नोंद करावी लागते.

### अंतर्गत पद्धत

अंतर्गत नेटवर्कमध्ये फक्त अतिथी परस्परांशी जोडले जातात. यजमानालाही त्यात स्थान नसते. पूर्ण विलगीकरण हवे असलेल्या प्रयोगांसाठी ही पद्धत वापरली जाते.

पुढील तक्त्यात व्हर्च्युअलबॉक्समधील चार पद्धतींची तुलना दिली आहे.

| पद्धत | अतिथी ते यजमान | यजमान ते अतिथी | अतिथी ते अतिथी | अतिथी ते बाहेर | बाहेरून अतिथी |
|---|---|---|---|---|---|
| नॅट | होय | पोर्ट फॉरवर्डिंगने | नाही | होय | पोर्ट फॉरवर्डिंगने |
| सेतू | होय | होय | होय | होय | होय |
| केवळ-यजमान | होय | होय | होय | नाही | नाही |
| अंतर्गत | नाही | नाही | होय | नाही | नाही |

## सॉफ्टवेअरनुसार फरक

एकाच नावाची पद्धत प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सारखी वागत नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये व्हीएमनेट० सेतूसाठी, व्हीएमनेट१ केवळ-यजमान पद्धतीसाठी आणि व्हीएमनेट८ नॅटसाठी वापरले जाते. त्यातील नॅट नेटवर्कवर यजमानाचेही आभासी कार्ड असते. म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये अशक्य असलेला यजमान ते अतिथी थेट संपर्क येथे शक्य होतो.

केव्हीएमसोबत वापरल्या जाणाऱ्या लिबव्हर्ट या व्यवस्थेच्या मूळ नेटवर्कमध्ये यजमानाचा पत्ता १९२.१६८.१२२.१ असतो आणि येथेही नॅट असूनही यजमान अतिथींपर्यंत पोहोचू शकतो. याउलट, लिनक्समधील मॅकव्हीटॅप प्रकारच्या जोडणीत अतिथी बाहेरील नेटवर्कवर सर्वांना दिसतो, परंतु स्वतःच्या यजमानाशी त्याला बोलता येत नाही.

हायपर-व्हीमध्ये बाह्य, अंतर्गत आणि खासगी असे तीन प्रकारचे आभासी स्विच असतात. येथील ‘अंतर्गत’ स्विचमध्ये यजमान सहभागी असतो, म्हणजे तो केवळ-यजमान पद्धतीशी मिळताजुळता आहे. व्हर्च्युअलबॉक्समधील ‘अंतर्गत’ नेटवर्कला समकक्ष असलेला प्रकार ‘खासगी’ हा होय. नावांच्या या सारखेपणामुळे एका सॉफ्टवेअरसाठी लिहिलेली मांडणी दुसऱ्यात वापरताना गोंधळ होतो.

## दोन कार्डांची रचना

विद्यार्थी व विकसक यांच्यात प्रचलित असलेल्या एका रचनेत अतिथीला दोन कार्डे दिली जातात. पहिले कार्ड नॅटवर असते आणि इंटरनेटवरून सॉफ्टवेअर उतरविण्यासाठी वापरले जाते. दुसरे केवळ-यजमान नेटवर्कवर असते आणि यजमानावरून एसएसएच किंवा वेब सर्व्हरपर्यंत पोहोचण्यासाठी उपयोगी पडते. पत्ता सतत बदलू नये म्हणून दुसऱ्या कार्डास १९२.१६८.५६.१० सारखा स्थिर पत्ता देता येतो. व्हर्च्युअलबॉक्सची डीएचसीपी सेवा या नेटवर्कवर मूळ मांडणीत १०१ ते २५४ हे शेवटचे अंक वाटते. स्थिर पत्ता त्याबाहेरचा निवडल्यास टक्कर टळते.

या रचनेत गेटवे फक्त पहिल्या कार्डावर असावा लागतो. दुसऱ्या कार्डावरही गेटवे नोंदविल्यास बाहेर जाणारे संदेश बंदिस्त नेटवर्ककडे वळू शकतात आणि इंटरनेट खंडित झाल्यासारखे दिसते.

## सामान्य अडचणी

* फायरवॉल: विंडोज यजमान मूळ मांडणीत पिंगला सहसा उत्तर देत नाही. केवळ-यजमान नेटवर्कला गेटवे नसल्याने विंडोज त्याला अनोळखी व सार्वजनिक मानते आणि त्यावर कडक नियम लावते. जोडणी शाबूत असूनही पिंग अयशस्वी होऊ शकते.
* लूपबॅक पत्ता: अतिथीवरील एखादी सेवा केवळ १२७.०.०.१ या पत्त्यावर कान देत असल्यास ती फक्त त्या अतिथीलाच उपलब्ध असते. यजमानावरून ती वापरण्यासाठी सेवेस नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावर किंवा ०.०.०.० वर चालवावे लागते.
* दुहेरी मॅक पत्ता: आभासी यंत्राची प्रत काढताना मॅक पत्ता तसाच राहिला, तर एकाच नेटवर्कवर दोन यंत्रांची ओळख सारखी होते आणि संपर्क अनियमितपणे तुटतो.
* पत्त्यांचा संघर्ष: आभासी नेटवर्क आणि घरचे किंवा कार्यालयाचे नेटवर्क यांचा पत्त्यांचा गट एकच असल्यास संदेश कोणत्या कार्डाने पाठवावा हे यजमानास नीट ठरविता येत नाही. आभासी यंत्राच्या आत लिबव्हर्ट चालविल्यास १९२.१६८.१२२.०/२४ हा गट बाहेर व आत दोन्हीकडे येऊन हीच अडचण उद्भवू शकते.

## सुरक्षितता

सेतू पद्धतीत अतिथी स्थानिक नेटवर्कवर उघडा असतो. सुरक्षा-अभ्यासासाठी मुद्दाम कमकुवत ठेवलेले यंत्र सेतूने जोडल्यास त्याच नेटवर्कवरील कोणीही त्यात शिरू शकतो, आणि तेथून इतर संगणकांवर हल्ला करता येतो. अशा यंत्रांसाठी केवळ-यजमान किंवा अंतर्गत पद्धत योग्य मानली जाते. संशयास्पद सॉफ्टवेअर तपासताना यजमानालाही वगळणारी अंतर्गत पद्धत अधिक सुरक्षित असते.

नॅटमुळे बाहेरून आत येण्यास अटकाव होतो, पण अतिथीने यजमानाकडे जाण्यास होत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये अतिथीने १०.०.२.२ कडे पाठविलेले संदेश यजमानाच्या लूपबॅक पत्त्यापर्यंत जाऊ द्यावेत की नाही, यासाठी स्वतंत्र पर्याय आहे. तो सुरू असल्यास यजमानावर ‘केवळ स्थानिक’ समजून चालविलेला डेटाबेससुद्धा अतिथीच्या आवाक्यात येतो.

नेटवर्क कार्डाची नक्कल करणारे सॉफ्टवेअर हेही यजमानावरच चालते, म्हणून त्यातील दोष यजमानाला बाधू शकतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हर्च्युअलबॉक्समधील ई१००० या आभासी कार्डाचा असा एक दोष उघडकीस आला. कार्ड नॅटवर असताना अतिथीतील प्रशासकीय अधिकार मिळालेला हल्लेखोर त्याद्वारे यजमानावर आपली आज्ञावली चालवू शकत होता. पद्धतीची योग्य निवड धोका कमी करते. मात्र आभासीकरणाचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे आणि यजमानाची फायरवॉल चालू ठेवणे यांची जागा ती घेऊ शकत नाही.

## हे सुद्धा पहा

* आभासी यंत्र
* आयपी पत्ता
* फायरवॉल
* लिनक्स