भिंतीवरची वचने आणि नस्तीतले मौन

दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्यासाठी मी बँकेत जातो. आपण अद्याप जिवंत आहोत, हे शासनाला लेखी कळवण्याचा निवृत्तांचा हा वार्षिक विधी. गेल्या खेपेस रांगेत उभा असताना खिडकीवर टांगलेली एक चौकट वाचत होतो. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर नव्हे तर आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा आशयाचा मजकूर आणि त्याखाली महात्मा गांधींचे नाव. देशभरातील कितीतरी बँकांत आणि सरकारी कार्यालयांत ही चौकट मी पाहिली आहे. काही ठिकाणी तिच्याखाली तपशीलही असतो: दक्षिण आफ्रिकेतील भाषण, १८९०.

इतिहासाच्या विद्यार्थ्याची नजर आधी सनावर जाते. १८९० मध्ये गांधीजी लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर त्यांनी पाऊल ठेवले ते १८९३ मध्ये. त्यांच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीत शंभर खंड आहेत आणि अभ्यासकांना त्यांत हे वाक्य आढळलेले नाही. त्याची भाषाही गांधीजींची वाटत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावरील अमेरिकी विक्रीतज्ज्ञांच्या लिखाणाशी तिचे नाते अधिक जवळचे आहे.

ही चूक हसून सोडून देण्याजोगी आहे, असे कोणी म्हणेल. मला हसू आले नाही, कारण अशा चौकटींचा पुरवठा करण्यात माझ्या सेवेची बरीच वर्षे गेली आहेत. मंत्र्यांच्या भाषणांचे मसुदे तयार करणे हे सचिवालयातील एक अलिखित कर्तव्य असते. मसुद्याच्या आरंभी एखाद्या थोर पुरुषाचे वचन आणि शेवटी दुसऱ्याचे, हा त्याचा ठरलेला साचा. त्यासाठी माझ्याकडे एक वही होती. जीवन, समाज, कला, मनुष्यस्वभाव अशा विषयवारीने तीत वचने उतरवलेली होती. ती कोणी, केव्हा आणि कोणाला उद्देशून उच्चारली, याची नोंद मात्र मी क्वचितच केली होती.

त्या वहीतील सर्वाधिक वापरलेली नोंद म्हणजे ‘पोलादी चौकट’. सरदार पटेलांनी प्रशासकीय सेवेला देशाची पोलादी चौकट म्हटले, हे वाक्य मी किती मसुद्यांत घातले असेल याची गणती नाही. हा शब्दप्रयोग गाजला तो मात्र दुसऱ्याच माणसाच्या तोंडून आणि दुसऱ्याच हेतूने. २ ऑगस्ट १९२२ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये इंडियन सिव्हिल सर्व्हिसचे वर्णन साम्राज्याच्या इमारतीला तोलून धरणारी पोलादी चौकट असे केले होते. १९१९ च्या सुधारणांनंतर भारतातील गोरे अधिकारी अस्वस्थ होते आणि त्यांना धीर द्यायचा होता. भारतीय नेत्यांनी त्या भाषणाचा अर्थ सत्ता सोडण्याची टाळाटाळ असा लावला आणि तो चुकीचा नव्हता. ज्या शब्दांनी आपल्या आधीच्या पिढीचा संताप ओढवला, तेच शब्द आम्ही सरदारांच्या नावावर जमा करून अभिमानाने मिरवत राहिलो.

सरदारांनी जे खरोखर सांगितले, ते याहून कितीतरी अवघड आहे. १० ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत जुन्या सेवेतील अधिकाऱ्यांना सेवाशर्तींची हमी द्यावी की नाही, यावर वाद झाला. ज्यांनी आपल्याला तुरुंगात टाकले त्यांनाच संरक्षण का द्यावे, ही सभासदांची भावना स्वाभाविक होती. सरदार स्वतःही अनेकदा तुरुंगात गेले होते. तरीही ते हमीच्या बाजूने उभे राहिले. आपले मत निर्भयपणे मांडू शकेल अशी अखिल भारतीय सेवा नसेल तर हा देश एकसंध राहणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. माझा सचिव माझ्या मताविरुद्ध टिपणी लिहू शकतो, तशी मोकळीक मी सर्व सचिवांना दिली आहे, असे त्यांनी सभागृहात सांगितले. मंत्री नाराज होईल या भीतीने जो प्रामाणिक मत देणार नाही त्याने खुशाल जावे, मी दुसरा सचिव आणीन, अशा आशयाचे त्यांचे बोलणे होते.

या दोन्हींतील फरक पाहा. ‘पोलादी चौकट’ ऐकून अधिकाऱ्याची छाती फुगते. १९४९ चे भाषण वाचून त्याला आपल्या जुन्या नस्त्या आठवतात.

मला एक नस्ती आठवते. एका ग्रामीण रुग्णालयासाठी एका तालुक्यातील जागा निश्चित झाली होती. पुढे ते शेजारच्या तालुक्यात हलवण्याची इच्छा वरून व्यक्त झाली. कक्ष अधिकाऱ्याने नेटकी टिपणी लिहिली होती. कोणत्या गावापासून नवी जागा किती अंतरावर पडेल, पावसाळ्यात कोणता रस्ता बंद असतो, हे सारे तिच्यात होते. निष्कर्ष त्याने लिहिला नव्हता. तो लिहिणे माझे काम होते. मी टिपणी दोनदा वाचली, खाली ‘आदेशार्थ सादर’ एवढेच लिहिले आणि स्वाक्षरी केली. अभिप्राय दिला नाही. माझ्या खुर्चीमागे सरदारांचे छायाचित्र होते आणि त्याखाली पोलादी चौकटीचे वाक्य, मीच लावून घेतलेले. रुग्णालय हलले. मी विरोध नोंदवला असता तर ते हलले नसते, असा माझा दावा नाही. पण त्या नस्तीत निदान एक प्रामाणिक मत राहिले असते आणि पुढे कोणी प्रश्न विचारला असता तर त्याच्या हाती काही लागले असते.

थोरांची वचने भिंतीवर कोणाला टोचत नाहीत, याचे कारण तिथे ती वादातून सुटून आलेली असतात. मुळात त्यांतली बहुतेक वाक्ये कोणाशी तरी मतभेद करतानाच उच्चारली गेली होती. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी ही आपत्ती म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वराने दिलेली शिक्षा आहे, असे म्हटले. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात रवींद्रनाथ टागोर त्यांच्याच बाजूचे होते. पण निसर्गाच्या घटनेला नैतिक कारण जोडणे अविवेकाला बळ देणारे आहे, असा आक्षेप त्यांनी लिहून पाठवला. गांधीजींनी तो स्वतःच्याच ‘हरिजन’मध्ये छापला आणि सोबत आपले उत्तरही दिले. दोघांपैकी कोणी मत बदलले नाही आणि परस्परांविषयीचा आदरही उणावला नाही. आज दोघांची चित्रे एका भिंतीवर शेजारी लागतात. त्यांच्यातला वाद मात्र त्या भिंतीवर दिसत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणाचेही असेच तुकडे झाले आहेत. आंदोलनांवर नाराज असलेल्यांना त्यातले ‘अराजकाचे व्याकरण’ आठवते. सत्ताधाऱ्यांवर टीका करणाऱ्यांना राजकारणातील भक्तीविषयीचा इशारा आठवतो. राजकीय समता देऊन सामाजिक आणि आर्थिक विषमता तशीच ठेवली तर ही लोकशाहीच उद्ध्वस्त होईल, हा तिसरा इशारा दोघांनाही अडचणीचा असल्यामुळे बहुधा समारंभापुरता उरतो. हे तीन इशारे एकाच श्रोत्याला दिलेले होते. सोयीचा एक उचलणे म्हणजे उरलेले दोन नाकारणे.

यावर उपाय अवघड नाही. संविधान सभेतील चर्चा आज कोणालाही मोफत वाचता येतात. शासकीय इमारतीत वचन लावायचेच असेल तर त्याखाली तारीख, स्थळ आणि प्रसंग लिहिणे बंधनकारक करावे. निम्म्या चौकटी त्या एका अटीनेच उतरतील. प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांना सुभाषितसंग्रहाऐवजी एखादे पूर्ण भाषण वाचायला द्यावे आणि वक्ता कोणाला नाराज करत होता, हा पहिला प्रश्न विचारावा.

निवृत्तीनंतर एका प्रशिक्षण वर्गात मी हा प्रयोग केला. सरदारांचे ते भाषण संपूर्ण वाचायला दिले. चर्चा चांगली रंगली. शेवटी मागच्या बाकावरील एका तरुणीने विचारले, “सर, मंत्र्यांच्या मताविरुद्धची टिपणी आपण कधी लिहिली होती का?”

दोन-तीनदा लिहिली होती आणि ती उदाहरणे तोंडावर आलीही होती. पण मी त्यांना रुग्णालयाच्या नस्तीविषयी सांगितले.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)