अनेक ऑनलाइन दुकाने, स्वतंत्र खाती आणि एकच व्यापारी : खामगावच्या चांदी व्यवसायाच्या संदर्भात विवेचन

प्रस्तावना :
बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे शहर ‘रजतनगरी’ या नावाने ओळखले जाते. चांदीच्या शुद्धतेविषयीचा विश्वास हे येथील व्यापाराचे खरे भांडवल होय. ई-वाणिज्यामुळे स्वतःच्या संकेतस्थळाबरोबरच अॅमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या विक्री मंचांवर एकाच वेळी दुकान मांडणे छोट्या व्यापाऱ्यास शक्य झाले आहे. प्रत्येक दुकानाचे खाते व पैसे मिळण्याचा कालावधी वेगळा असल्याने प्रत्येक दुकान म्हणजे स्वतंत्र व्यवसाय, असा समज होतो. या समजाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१) खाते व कायदा :
कायद्याच्या दृष्टीने खाती कितीही असली तरी व्यापारी एकच असतो. त्याची ओळख पॅन क्रमांकावरून ठरते. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीमर्यादेखालील वस्तुविक्रेत्यांना जी.एस.टी. नोंदणीशिवाय विक्री मंचावर माल विकण्याची सवलत मिळाली. तथापि, विक्री एकाच राज्यात मर्यादित असावी लागते आणि एका राज्यात एकापेक्षा अधिक नावनोंदणी क्रमांक मिळत नाही. त्यामुळे खामगावच्या विक्रेत्याने शेजारच्या बऱ्हाणपूरला (मध्य प्रदेश) मंचावरून एक समई जरी विकली, तरी ही सवलत संपुष्टात येते.

मंचांचे नियमही विचारात घ्यावे लागतात. एकाच मंचावर सबळ व्यावसायिक कारणाशिवाय दुसरे खाते उघडणे अॅमेझॉनच्या नियमांत बसत नाही. अशी परस्परसंबंधित खाती आढळल्यास ती बंद होऊ शकतात. अशा वेळी छोट्या व्यापाऱ्याचे खेळते भांडवलच अडकते.

२) साठा व भाव :
हाताने घडविलेले ताम्हण एकच असते. परंतु तीन दुकानांवर ते तीन वेळा दिसते. एके ठिकाणी विकले जाताच अन्यत्र नोंद कमी झाली नाही, तर दुसरी मागणी रद्द करावी लागते व विक्रेत्याचे मानांकन घसरते. यास्तव प्रत्येक नगास एकच सांकेतिक क्रमांक देऊन सर्व दुकानांचा साठा एकाच नोंदवहीतून किंवा संगणक प्रणालीतून नियंत्रित करणे इष्ट ठरते. चांदीचा भाव रोज बदलतो. म्हणून वजन, घडणावळ व त्या दिवसाचा भाव या तीन घटकांवरून किंमत काढून ती सर्व दुकानांवर एकाच वेळी बदलावी. एका दुकानावर जुना भाव राहिल्यास तोटा व्यापाऱ्याच्याच माथी येतो.

३) हिशोब :
विक्री मंच व्यापाऱ्यास रक्कम देताना आपले शुल्क वजा करतो. शिवाय जी.एस.टी. कायद्यानुसार नोंदणीकृत विक्रेत्याच्या निव्वळ करपात्र विक्रीवर ०.५ टक्के (१० जुलै २०२४ पासून, पूर्वी १ टक्का) कर गोळा केला जातो. आयकराची कपातही १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आली आहे. या रकमा पुढे व्यापाऱ्याच्या खात्यात जमा धरल्या जातात. परंतु मंचनिहाय ताळमेळ न घातल्यास त्या नजरेतून निसटतात. बँकेत आलेली रक्कम म्हणजे विक्री नव्हे, हे तत्त्व येथे महत्त्वाचे ठरते. परत आलेल्या मालाची नोंदही दरमहा त्या त्या मंचाच्या विवरणाशी पडताळून पाहावी.

निष्कर्ष :
खाती स्वतंत्र असणे ही तांत्रिक सोय आहे. व्यवसायाचे विभाजन नव्हे. प्रत्येक खात्याचा प्रवेश व विवरण वेगळे ठेवावे. मात्र साठा, भाव व हिशोबाची वही एकच असावी. वाणिज्य शाखेच्या अध्यापकांनी लेखांकनाच्या प्रात्यक्षिकांत अशा मंचनिहाय ताळमेळाचा समावेश केल्यास स्थानिक व्यापारास प्रशिक्षित मनुष्यबळ मिळू शकेल.